शेवटचे नऊ यार्ड

१४ ऑगस्ट, गुरुवार

लोर्ना म्हणते, मनातल्या मनात दात खात बसतोस, त्यापेक्षा लिहीत जा. एकतीस वर्षं ती माझी बायको आहे. आता तिचं ऐकायला सुरुवात करायला हरकत नाही.

आज सराव सुरू झाला. अठ्ठावन्न पोरं येतील असा अंदाज होता, आली सत्तेचाळीस. टॉलिव्हर कॉलेजचा कोच म्हणून हे माझं एकोणिसावं वर्ष, आणि गेल्या दोन हंगामांत मिळून आम्ही एक सामना जिंकलोय. सकाळी अध्यक्षबाई डॉ. क्रोल यांनी बोलावून घेतलं. दहा नोव्हेंबरला विश्वस्तांची बैठक आहे. आमचा अमेरिकन फुटबॉल ठेवायचा की बंद करायचा ते तिथे ठरणार.

"गॉर्डन, मला त्यांच्यासमोर ठेवायला काहीतरी दे," एवढंच म्हणाल्या.

दुपारी मार्नीने पोरांची डोक्याची चाचणी घेतली. मार्नी म्हणजे आमच्याकडे दुखापती बघणारी, चौतीस वर्षांची, हसणं जपून वापरणारी. कॉम्प्युटरवर शब्द लक्षात ठेवायचे, आकृत्या ओळखायच्या. पुढे कुणाच्या डोक्याला मार लागला तर पुन्हा तीच चाचणी घेऊन गुण ताडून बघतात. पोरं घाबरून बसली होती, म्हणून मी म्हटलं, "फार हुशारी पाजळू नका रे. ऑक्टोबरात तेवढे गुण परत काढावे लागतील!" सगळे खो खो हसले. मार्नी सोडून.

गंमत म्हणजे ब्रँटला आमच्या आडदांड गड्यांइतकेच गुण पडले. ब्रँट हालवर्सन आमचा क्वार्टरबॅक. चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि पुढे काय करायचं ते तो ठरवतो. गणिताचा विद्यार्थी, वर्गात पहिला. "काय रे, झोप झाली नाही का?" मी विचारलं. नुसता हसला.

७ सप्टेंबर, रविवार

काल पहिला सामना. ३४–३. लिहिण्यासारखं काही नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

तिसरा सामना, तिसरी हार, पण एका गुणाने. रात्रभर त्या एका गुणाला शिव्या घातल्या.

ब्रँट जीव तोडून खेळला. दोनशे वस्तीच्या गावातून मी त्याला आणलाय. त्याची आई शेला त्याच्या मागोमाग इकडेच आली आणि कॉलेजच्या स्वयंपाकघरात लागली. बाप नाही. तिसऱ्या सत्रात एका धटिंगणाने त्याला उचलून पाठीवर आपटला. डोकं जमिनीवर आदळल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला. उठला, कपडे झटकले आणि थेट समोरच्या संघाच्या रिंगणात जाऊन उभा राहिला. दोन्हीकडची पोरं हसून बेजार. त्यांच्यातल्या एकाने त्याला खांद्याला धरून आमच्याकडे वळवून दिलं.

मार्नीने त्याला बाहेर घेतलं आणि वर्षाचे महिने उलटे म्हणायला लावले. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर... पठ्ठ्याने एका दमात म्हणून टाकले. मला तेवढ्या वेगाने सुलटेसुद्धा जमणार नाहीत. मार्नी म्हणाली, "इतक्या पटापट कुणी म्हणत नाही, कोच."

"मग हळू म्हटले असते तर तू पास केलं असतंस का?"

दहा मिनिटांनी तो परत मैदानात होता.

१ ऑक्टोबर, बुधवार

मागच्या सामन्याचं चित्रण बघायला सगळे बसलो, तर ब्रँट अंधाऱ्या खोलीत काळा चष्मा लावून हजर. मला वाटलं रात्री ढोसून आला. सगळ्यांदेखत झापला. "तुझ्यावर सत्तेचाळीस पोरं अवलंबून आहेत आणि तू नट बनून फिरतोयस?"

"सॉरी कोच," म्हणाला आणि चष्मा काढला. मग तासभर खाली मान घालून बसला. पडद्याकडे एकदाही बघितलं नाही. लाज वाटली असावी. वाटायलाच हवी.

५ ऑक्टोबर, रविवार

पाचवी हार. ब्रँटने दोनदा चेंडू अशा जागी फेकला जिथे आमचा कुणीच नव्हता. विचारलं तर म्हणाला, "तिथे कोणीतरी होतं, कोच." चव्वेचाळीस पोरं उरलीत. लोर्नाने सफरचंदाचा केक केला होता, मी ताटाला हात लावला नाही. ती म्हणाली, "तो बंद होऊ दे ना गॉर्डन. माणसं मरत नाहीत फुटबॉल बंद झाला म्हणून." मी उठून गॅरेजमध्ये जाऊन बसलो.

तिला कसं सांगू? एकोणीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. मला दुसरं काही येतच नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

जिंकलो!

१७–१४. जुने विद्यार्थी आले होते, सारं गाव आलं होतं. दगडखाणीतले लोक पिवळी हेल्मेटं घालून बसले होते. आमच्या संघाचं नाव 'पाथरवट' ते त्यांच्यावरूनच पडलंय. शेवटची बावीस सेकंदं उरली असताना ब्रँटने चाळीस यार्डांची फेक केली, अशी की चेंडू गड्याच्या हातात अलगद बसला. म्हातारी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. डॉ. क्रोल स्वतः खाली आल्या. "अजून एक," कानात म्हणाल्या. "दोन विजय झाले तर मी विश्वस्तांशी भांडू शकते."

पोरांनी ब्रँटला खांद्यावर घेतलं. खाली उतरल्यावर माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "कोच, आपण जिंकलो का?"

मी त्याला करकचून मिठी मारली. असा विनोदी पोरगा आहे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

शेला ऑफिसात आली. एप्रन तसाच, बाहीला दालचिनी लागलेली. बुधवारी मेसमध्ये राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे रोल असतात. ती बसली नाही.

"गॉर्डन, ब्रँटचं काहीतरी बिनसलंय. दुपारचा झोपतो, उठतच नाही. काल हातातून चमचा पडला तर रडायला लागला रे. चमच्यासाठी. आणि आज वार कुठला ते मला तीनदा विचारलं."

मी म्हटलं परीक्षा आल्यात, शिवाय सामन्याचा ताण. या वयात पोरं हळवी होतात.

ती म्हणाली, "मला यातलं काही कळत नाही. तू म्हणतोस ठीक आहे, तर ठीक आहे."

जाताना दोन रोल टेबलावर ठेवून गेली. मी ते खाल्ले नाहीत. का कोण जाणे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

मार्नीशी कडाक्याचं भांडण. शेला तिच्याकडेही गेली होती. मार्नीने ब्रँटला पुन्हा कॉम्प्युटरवर बसवलं आणि गुण इतके घसरले की ऑगस्टमधल्या त्या भिकार गुणांच्याही खाली गेले. तिने त्याचं हेल्मेट काढून घेतलं आणि आपल्या कपाटात बंद केलं.

"किमान उद्याचा सामना होऊ दे," मी म्हटलं.

"नाही."

"मार्नी, चार सामने उरलेत. फक्त चार."

"त्याला एकच डोकं आहे, कोच."

मी तिला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. ती किल्ली मुठीत धरून उभी होती.

२६ ऑक्टोबर, रविवार

ब्रँटशिवाय दोन सामने. ३८–७ आणि काल ४१–०. त्याच्या जागी डेव्हिन ओचोआला घेतला. पहिल्या वर्षाचा पोरगा, अजून कच्चा. परतीच्या बसमध्ये ब्रँट पुढच्या सीटवर कानात बोळे घालून बसला होता. एका ठिकाणी थांबलो तेव्हा खाली उतरून उलटी करून आला. बस लागली म्हणाला.

३० ऑक्टोबर, गुरुवार

ब्रँटची पुन्हा चाचणी. या वेळी गुण ऑगस्टइतकेच, अगदी तंतोतंत. दर गुरुवारी येणाऱ्या डॉक्टरांनी कागद बघितले, डोळ्यांत टॉर्च मारली, "डोकं दुखतं का?" विचारलं. तो नाही म्हणाला. आठवडाभर हळूहळू सराव करू दे आणि त्रास झाला नाही तर आठ तारखेला खेळू दे, असं म्हणून त्यांनी सही केली.

मार्नी माझ्या ऑफिसात आली आणि दार लोटून घेतलं. "कोच, मला एक सांगा. गणितात पहिला येणाऱ्या पोराला ऑगस्टमध्ये एवढे कमी गुण कसे पडले? तो तेव्हा मुद्दाम चुकला असेल तर या सहीला काही अर्थ नाही. तुम्ही त्याला ओळखता. तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटलं ते मी या वहीत तरी खरं लिहायला हवं. मला माझंच वाक्य आठवलं. फार हुशारी पाजळू नका. ब्रँट माझा शब्द खाली पडू देत नाही.

"त्या दिवशी त्याची झोप झाली नव्हती," मी म्हटलं.

तिने किल्ली काढली.

३ नोव्हेंबर, सोमवार

शनिवारी ओचोआच खेळला, हरलो. आता एकच उरला. येत्या शनिवारी, आमच्याच मैदानावर, गटातल्या सगळ्यात वरच्या संघाशी. दोन दिवसांनी बैठक. एकोणचाळीस पोरं.

ब्रँट सरावात बरा दिसला. जरा शांत आहे. मी त्याला विचारलं, "खरं सांग, बरा आहेस ना?" "तुम्ही सांगा ना कोच, तुम्हाला कसा वाटतोय?" मी म्हटलं, "मला तर झकास वाटतोयस." तो खूश झाला.

मी विचारायचं ते विचारलं. आणखी काय करणार?

६ नोव्हेंबर, गुरुवार

झोप नाही. जेवण जात नाही. चर्चमध्ये जाऊन बसलो, पण काय मागायचं तेच सुचेना. लोर्ना म्हणाली, "शनिवारनंतर तू कसाही परत ये, पण परत ये."

९ नोव्हेंबर, रविवार

सू फॉल्स शहरातलं हॉस्पिटल. हे मी खालच्या मजल्यावरच्या कॅन्टीनमध्ये बसून लिहितोय. जसं झालं तसं लिहिणार आहे. आज लिहिलं नाही तर उद्या मी ते मनात बदलून टाकीन, मी स्वतःला ओळखतो.

थंडी शून्याखाली आठ, वारा उत्तरेचा. दोन मिनिटं उरलेली, आम्ही १७–२० ने मागे. ब्रँटने पोरांना साठ यार्ड पुढे आणलं होतं. समोर फक्त नऊ यार्ड आणि मग गोलरेषा. मी शेवटचा टाइमआउट घेऊन खेळ थांबवला. मार्नी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला एकाचा घोटा बांधत होती.

सेफो टुइलागी धावत माझ्याकडे आला. सेफो आमचा सेंटर, चेंडू मागे ब्रँटच्या हातात देणारा, तीनशे पौंडांचा गडी. कधी कुणाची तक्रार करत नाही. त्याचे डोळे भरलेले होते.

"कोच, त्याला बाहेर काढा. तो शाळेतल्या खेळी सांगतोय. आम्हाला माहीतच नाहीत त्या. आणि मला रिकी म्हणतोय."

रिकी ब्रँटच्या शाळेतला सेंटर होता. ब्रँटला निवडायला मी त्याच्या शाळेचा सामना बघायला गेलो होतो, म्हणून मला नाव माहीत होतं.

"आत्ता काय सांगितलं त्याने?"

"काहीच नाही. मीच सांगितलं, तू चेंडू घे आणि माझ्या मागून पळ. हो म्हणाला."

मी ब्रँटकडे बघितलं. तो एकटाच उभा होता, हात बगलेत घालून. प्रेक्षकांकडे असा बघत होता की जणू कुणाला तरी शोधतोय. मला सगळं समजलं. हे मी स्पष्ट लिहितो. त्या क्षणी मला सप्टेंबरपासूनचं सगळं समजलं, चष्मा, चमचा, 'आपण जिंकलो का', सगळं. आणि तरी मी मनात म्हटलं, एक खेळी. फक्त एक. मग काढतो.

सेफोला म्हटलं, "जा. त्याला तुझ्या मागून ने."

सेफोने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर मला मरेपर्यंत पुरेल.

ब्रँट पळाला. सेफोने दोघांना आडवं केलं, ब्रँट त्यांच्यावरून गेला आणि रेषेवर त्याला दोन बाजूंनी दोघे भिडले. चेंडू आत पडला. पंचाने दोन्ही हात वर केले, म्हणजे गुण आमचे. सगळं मैदान उठून नाचू लागलं, बँड वाजायला लागला. आणि सेफो गुडघ्यांवर बसून दोन्ही हात हलवत होता, थांबा, थांबा. बऱ्याच वेळाने लोकांना दिसलं.

ब्रँट उठला नाही.

शेला स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून सामना बघते, मैदान तिथून दिसतं. ती एप्रनवरच धावत आली. मार्नीने तिला अडवलं नाही, बाजूला बसवून घेतलं आणि ब्रँटचा हात तिच्या हातात दिला. मी तिथे उभा होतो. मला कुणी काही सांगितलं नाही आणि विचारलंही नाही.

हेलिकॉप्टर येईपर्यंत एकवीस मिनिटं गेली. डोक्यात रक्तस्राव. कवटी उघडून शस्त्रक्रिया केली. अजून शुद्धीवर नाही. २४–२०, असं पेपरात छापून येईल.

११ नोव्हेंबर, मंगळवार

डॉ. क्रोल यांचा फोन आला. आवाज बसलेला. आधी ब्रँटची चौकशी केली. मग म्हणाल्या, "तुला आत्ता सांगू नये, पण कळायला हवं. विश्वस्तांनी तीन वर्षांसाठी फुटबॉल ठेवलाय. सगळ्यांनी हात वर केले."

मी म्हटलं, "माझा राजीनामा उद्या येईल."

"गॉर्डन, कुणी तुला दोष देत नाहीये."

"त्यांना माहीत नाही," मी म्हटलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मार्नी आली होती. म्हणाली, "मी सगळं लिहून दिलंय, कोच. तुमच्याबद्दलसुद्धा. तुम्हाला आधी सांगावं म्हटलं."

मी तिला चाचणीचं खरं सांगितलं, झोपेचं खोटं बोललो ते. "मला तेव्हाच कळलं होतं," म्हणाली. "तरी मी किल्ली दिली. तेही लिहिलंय."

दुपारी शेलाशी बोललो. ब्रँटच्या खोलीबाहेर दोन खुर्च्या आहेत, तिथे. सेफो काय बोलला, मी काय बोललो, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं,

"एक खेळी म्हणजे किती वेळ असतो?"

"सहा-सात सेकंद."

"तेवढ्यात तुला हाक मारता आली नसती."

ती मला वाट करून देत होती. मी ती घेतली असती तर तिला कधीच कळलं नसतं.

"तेव्हा टाइमआउट चालू होता, शेला. खेळ थांबलेलाच होता. भरपूर वेळ होता."

ती उठली. दाराशी गेली, परत आली.

"मी तुला विचारायला आले होते," ती म्हणाली. "त्या दिवशी. डॉक्टरकडे नाही गेले, आधी तुझ्याकडे आले. कारण तो सांगायचा, कोचना सगळं कळतं." आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

ब्रँटने डोळे उघडले. आईला ओळखलं. मला लोर्नाने सांगितलं. तिला शेलाने फोन केला होता. मला नाही केला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

ऑफिस रिकामं केलं. ओचोआ आणि सेफो खोकी उचलायला आले. सगळ्यात जड खोकं सेफोने उचललं. गाडीत ठेवल्यावर म्हणाला, "मी पुढच्या वर्षी नाही खेळणार, कोच." मी म्हटलं, "बरं." काहीतरी शहाणपणाचं बोलायला हवं होतं.

८ डिसेंबर, सोमवार

ब्रँट घरी आलाय. उजवा पाय ओढतो, शब्द सापडत नाहीत. आज सकाळी शेलाचा फोन. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"त्याला आठवड्यातून तीनदा सू फॉल्सला न्यायचंय, उपचारांसाठी. सकाळी आठला. मला सहापासून स्वयंपाकघर असतं. तुला आता काही काम नाही."

"मी नेतो."

"मी तुला माफ केलेलं नाही, गॉर्डन."

"माहीत आहे."

"सव्वासहाला ये. गाडी आधी गरम करून ठेव, त्याला थंडी सोसत नाही."

१० डिसेंबर, बुधवार

जाताना ब्रँट खिडकीबाहेर बघत होता. नांगरलेली शेतं, बर्फ, वीस मैल काहीच नाही. मग विचारलं, "कोच, शनिवारी... कुणाशी?"

"हंगाम संपला रे."

"आपण..." शब्द सापडेना. मी थांबलो. तिथे उपचार करणाऱ्या बाईंनी आधीच फोनवर सांगितलंय, त्याच्या तोंडात शब्द घालायचा नाही, तासभर लागला तरी. एक मैलभर गेल्यावर सापडला. "जिंकलो?"

या वेळी मी हसलो नाही. गाडी कडेला घेतली आणि त्याला सगळं सांगितलं. त्याला किती कळलं माहीत नाही. ऐकून झाल्यावर म्हणाला, "मी पण... खोटं. ऑगस्टात."

"ते मी शिकवलं होतं तुला."

मग तो डाव्या हाताने हीटरचं बटण फिरवायला लागला. ते त्याला जमेना. मी मदत करायला हात पुढे केला तर "नको" म्हणाला. मी हात मागे घेतला. आम्ही दहा मिनिटं उशिरा पोहोचलो.

२२ डिसेंबर, सोमवार

तिथल्या बाई पंधरा शब्द वाचून दाखवतात. छत्री, घोडा, खिडकी, असे. मग अर्ध्या तासाने त्यातले किती आठवतात ते विचारतात. पहिल्या दिवशी त्याला दोन आठवले. शुक्रवारी पाच. आज मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. दार उघडून तो आला, भिंतीचा आधार न घेता, आणि माझ्यासमोर उभा राहिला.

"सहा," म्हणाला.

मी शेलाला फोन लावला. दुपारच्या जेवणाची गडबड, मागे भांडी आपटत होती.

"सहा," मी सांगितलं.

"पंधरातले?"

"पंधरातले."

भांड्यांचा आवाज चालूच होता. तिने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. ब्रँट शेजारी बसून बुटाची नाडी बांधत होता, पुन्हा पुन्हा सुटत होती, पुन्हा बांधत होता.

"बुधवारी वेळेवर ये," अखेर ती म्हणाली.